सहा माणसं, एकच पासपोर्ट: सांगलीच्या एका लग्नाची फाईल

जून २०२५ मध्ये सांगलीचे एक बापलेक माझ्या पुण्याच्या व्हिसा सल्ल्याच्या ऑफिसात आले. मुलगा किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला, एमबीबीएस करून परतलेला, आता इंटर्नशिप करणारा. वडिलांचा हळदीचा व्यापार. मुलाचं लग्न ठरलं होतं, मुलगी बिश्केकमध्येच दंतवैद्यक शिकलेली किर्गिझ. वडिलांनी खिशातून वहीचं एक पान काढून टेबलावर पसरलं. नवरी, तिचे आईवडील, धाकटा भाऊ, मामा, मावसबहीण. सहा नावं.

"सगळ्यांचा पासपोर्ट किर्गिझस्तानचाच ना? मग एकच फॉर्म सहा वेळा भरायचा की ओ," ते म्हणाले.

मी त्यांना प्रत्येक नावापुढे ते माणूस आज कुठे आहे ते लिहायला सांगितलं. नवरी बिश्केकला. आईवडील दक्षिणेला ओशमध्ये. भाऊ मॉस्कोत, बांधकामावर. मामा इस्तंबूलला, कपड्याच्या धंद्यात. मावसबहीण इंग्लंडमध्ये केंटच्या शेतांवर स्ट्रॉबेरी खुडायला. मग मी पेन घेऊन तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, "लग्नानंतर परत कुठे?" त्यावर वडील जरा चिडलेच. "अहो, आधी येऊ तर द्या त्यांना!"

यायची मला फारशी काळजी नव्हती. भारताच्या ई-व्हिसाच्या यादीत किर्गिझस्तान आहे. अर्ज घरबसल्या होतो, जगात कुठूनही करता येतो, बोटांचे ठसे द्यायला वकिलातीत जावं लागत नाही. सहाही जण कागदावर पात्र होते. अडचण निघणार होती ती तिसऱ्या रकान्यात.

मुलाने मधेच एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहायला हवी. १७ मे २०२४ च्या रात्री बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हा भारतीय वकिलातीने सगळ्यांना आतच राहायला सांगितलं होतं. हा आणि त्याचा लातूरचा मित्र दारं बंद करून बसले होते. दुसऱ्या संध्याकाळी मुलीचा भाऊ, तेव्हा सुट्टीवर मॉस्कोहून आलेला, गाडी घेऊन आला आणि दोघांना एका नातेवाइकाच्या घरी घेऊन गेला. चार दिवस तिथेच जेवण, तिथेच झोप. "लग्नाला बाकी कुणी नाही आलं तरी चालेल, पण तो आलाच पाहिजे," आमचे नवरदेव डॉक्टर म्हणाले.

शेवटी न आलेला एकटा तोच. पण ते पुढे.

पासपोर्टची दिशा

इंटरनेटवर क्रमवारी पाहून लोक विचारतात, "हा पासपोर्ट किती देशांत चालतो?" किर्गिझ पासपोर्टचं उत्तर साठेक असं येतं. भारतीय पासपोर्टचंही त्याच्याच आसपास. या आकड्यांवरून सासर-माहेर तोलामोलाचं आहे असं वाटेल. पण दोन्ही पासपोर्टांची तोंडं वेगळ्या दिशांना आहेत.

किर्गिझ माणसाला जुन्या सोव्हिएत वाटांवर फारसं कुणी अडवत नाही. रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान, बेलारूस, आर्मेनिया, अझरबैजान इथे व्हिसा लागत नाही. जॉर्जियात तर एक वर्षापर्यंत राहता येतं. तुर्कस्तानात दर १८० दिवसांत ९० दिवस. ऑगस्ट २०१५ मध्ये किर्गिझस्तान युरेशियन आर्थिक संघात, म्हणजे रशिया आणि काही जुन्या सोव्हिएत देशांच्या संघात, गेला, तेव्हापासून रशियात काम करायला वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही, मालकाशी केलेला कामाचा करार पुरतो. उझबेक किंवा ताजिक मजुराला ही सोय नाही. घरटी एक माणूस रशियात, असं तिथल्या खेड्यांबद्दल बोलतात ते यामुळेच, आणि बाहेरून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेल्याची वर्षंही आहेत.

युरोपात शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट), ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, जपान, सगळीकडे आधी व्हिसा. शेजारच्या चीनमध्येसुद्धा साध्या पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतो, मालाचे ट्रक तोरुगार्त आणि इर्केश्ताम खिंडींतून रोज ये-जा करत असले तरी. ताजिकिस्तानला व्हिसा लागत नाही, पण ती सीमा मे २०२१ पासून मार्च २०२५ पर्यंत बंदच होती. १३ मार्च २०२५ ला दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी बिश्केकमध्ये सीमाकरारावर सह्या केल्या आणि ती उघडली. व्हिसा लागत नाही म्हणजे जाता येतं असं नसतं, हे ओशच्या लोकांना सांगावं लागत नाही.

आईवडील: जन्मभर सीमा ओलांडली, पासपोर्ट नाही

पहिला धक्का मी सोपे समजलेल्या दोघांनी दिला. मुलीच्या वडिलांचं कारा-सूच्या बाजारात दुकान. ओशपासून उझबेक सीमा म्हणजे सांगलीहून मिरज म्हणावं इतकीच लांब. महिन्यातून दोनदा ते अंदिजानला जातात, वर्षातून एकदा अल्माटीला. पासपोर्टची प्रत मागितल्यावर व्हॉट्सॅपवर एका प्लास्टिक कार्डाचे दोन फोटो आले.

तिकडे दोन कागदपत्रं असतात. एक आयडी कार्ड, आपल्या आधारसारखं पण नागरिकत्वाचा पुरावा असलेलं. त्यावर कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात जाता येतं. दुसरा खरा परदेशी पासपोर्ट, चिपवाला, २०२१ पासूनचा. तो या दोघांनी कधी काढलाच नव्हता, कारण कधी गरजच पडली नव्हती. बासष्ट वर्षांचा व्यापारी, निम्मं आयुष्य सीमेपलीकडे ये-जा करण्यात गेलं, आणि भारताच्या दृष्टीने त्याच्याकडे प्रवासाचं एकही कागदपत्र नाही!

तिथे पासपोर्ट सरकारी सेवा केंद्रात काढतात, लोक त्याला 'त्सोन' म्हणतात. जुलैत दोघांचे पासपोर्ट हातात आले. इथून पुढे खरी चूक झाली, आणि तिला निम्मी मी जबाबदार.

किर्गिझ नावांची रीत मराठी माणसाला लवकर कळायला हवी. आपल्यासारखंच त्यांच्यात बापाचं नाव मुलाच्या नावाला चिकटतं. रशियन वळणाने आडनाव लावणारे आहेत, आणि अलीकडे जुन्या रीतीकडे वळलेलेही बरेच: बापाचं नाव, मग मुलगा असेल तर 'ऊलू', मुलगी असेल तर 'कीझी', आणि मग स्वतःचं नाव. (ऊ लांब म्हणायचा. सांगलीत तो आखूड होऊन जो शब्द झाला त्यावर आठवडाभर हशा चालला होता.) अशा नावात पासपोर्टच्या आडनावाच्या रकान्यात बापाचं नाव आणि ऊलू-कीझी बसतं, दिलेलं नाव वेगळं. त्यात लिप्यंतराचा गोंधळ. एकाच किरिलिक अक्षराचं इंग्रजीत कुणी जे करतं, कुणी झेड-एच. खुद्द राष्ट्राध्यक्ष सादिर जपारोव यांचं आडनाव दोन्ही तऱ्हांनी छापलेलं दिसतं.

नवरीच्या आईचं नाव कीझीवालं. ओशच्या भाच्याने उत्साहाने अर्ज स्वतःच भरला, आणि आडनावाच्या जागी तिचं स्वतःचं नाव, नावाच्या जागी आडनाव. मी प्रत तपासली, पण फोनवर, दुसऱ्या एका ग्राहकाशी बोलता बोलता. ई-व्हिसा मंजूर होऊन आला तेव्हा दिसलं. भरलेला अर्ज दुरुस्त होत नाही, फी परत मिळत नाही. विमान कंपनीच्या काउंटरवर नाव जुळलं नाही तर माणूस बिश्केकलाच राहतो. म्हणून नवा अर्ज, नवी फी, आणि ती मी माझ्या खिशातून भरली. तेव्हापासून ऑफिसात नियम केला आहे: नाव पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींवरून लिहायचं, जिथे बाणासारखी चिन्हं असतात. यंत्र तेच वाचतं.

भाच्याने त्याआधी आणखी एक प्रताप केला होता. शोधात वर आलेल्या एका साइटवर तो अर्ज भरत होता, आणि ती दलालाची निघाली. मूळ फीच्या कितीतरी पट मागत होती. भारत सरकारच्या साइटचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो, एवढं त्याला आधी सांगितलं असतं तर एक दुपार वाचली असती.

अर्जातले काही प्रश्न तिकडच्या लोकांना चमत्कारिक वाटतात. अंगावरची ओळखखूण कोणती? आईवडील, आजीआजोबा यांपैकी कुणी पाकिस्तानी नागरिक होतं का? गेल्या दहा वर्षांत कोणकोणते देश पाहिले? शेवटच्याला वडिलांनी प्रामाणिकपणे उझबेकिस्तान, कझाकस्तान असं लिहिलं आणि विचारलं, "हे परदेश धरायचे का?" धरायचे. मी हसले, पण तो प्रश्न खरा होता. १९९१ पर्यंत ते परदेश नव्हतेच.

भाऊ

मॉस्कोतल्या भावाचा भारताचा ई-व्हिसा चार दिवसांत आला असता. मॉस्को–दिल्ली थेट विमान आहे. तरी त्याचा अर्ज मी ऑगस्टपर्यंत थांबवला, कारण तिसरा रकाना. त्याला परत मॉस्कोलाच जायचं होतं. तिथला पगार थांबला तर ओशच्या घराचा हप्ता थांबतो.

मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सिटी हॉलवर हल्ला झाला. आरोपी ताजिक होते, पण तपासणीची झळ मध्य आशियातल्या सगळ्यांना बसली. किर्गिझ परराष्ट्र खात्यानेच नागरिकांना गरज नसेल तर रशियात जाऊ नका असं सांगितलं. १ जानेवारी २०२५ पासून करारासारखा आधार नसलेल्या व्हिसामुक्त परदेशी माणसाची मुदत कॅलेंडर वर्षात ९० दिवसांवर आली. आणि ५ फेब्रुवारी २०२५ पासून रशियात एक यादी सुरू झाली, ज्यांचे कागद धड नाहीत अशा परदेशी माणसांची. यादीत नाव आलं की बँक खातं, गाडी चालवणं, लग्नाची नोंद, सगळं अडतं. कागद दुरुस्त करायला आधी ३० एप्रिलपर्यंत मुदत होती, ती १० सप्टेंबरपर्यंत वाढली.

कामाचा करार असेल तोवर किर्गिझ माणूस या सगळ्याच्या बाहेर असतो. देशात येऊन ९० दिवस उलटल्यावर करार मोडला तर नवा करार करायला १५ दिवस मिळतात. भावाच्या ठेकेदाराने वसंतात काम बंद केलं. नवा ठेकेदार लगेच मिळाला, पण सही व्हायला वीस दिवस गेले. पाच दिवस जास्त. भावाला वाटलं, सही झाली म्हणजे झालं.

मी त्याला एकच काम दिलं: तिथल्या गृहखात्याच्या ऑनलाइन सेवेवर स्वतःचं नाव शोध. नाव होतं.

यादीत नाव असताना देश सोडायला कुणी अडवत नाही. उलट आनंदाने जाऊ देतात. पण बाहेर पडताना प्रवेशबंदी लागू शकते, आणि ती कळते परतीच्या विमानतळावर. आत राहून वकिलामार्फत नाव काढून घेतलं तर वाट मोकळी राहते. मी रशियन कायद्याची जाणकार नाही, मॉस्कोतल्या वकिलाचा सल्ला घ्यायला सांगितलं, आणि वकीलही तेच म्हणाला.

डॉक्टरांनी तीन दिवस माझ्याशी वाद घातला. "मॅडम, पाच दिवसांसाठी?" त्यांचं म्हणणं असं, की आधी येऊ दे, नंतरचं नंतर पाहू. हे आपल्याकडचं नेहमीचं गणित. लग्नाचा मुहूर्त टळत नाही, कागद टळतात. मी काहीच ठरवलं नाही. भावाला सगळं स्वच्छ लिहून पाठवलं, रशियन भाषांतर नवरीने केलं. त्याने उत्तरात एक अंगठा पाठवला आणि लिहिलं, व्हिडिओ कॉलची वेळ सांगा.

मामा आणि मावसबहीण

मामांचं काम सोपं होतं, तारीख सोडली तर. तुर्कस्तानातल्या ९० दिवसांच्या पलीकडे ते राहण्याच्या परवान्यावर होते आणि परवाना नव्याने काढायचा अर्ज चालू होता. अशा वेळी अर्जाची आणि भरलेल्या फीची पावती घेऊन बाहेर जाता येतं, पण १५ दिवसांच्या आत परतावं लागतं. मामा महिनाभर राहून ताजमहालही बघणार होते. ते नऊ दिवसांसाठी आले. इस्तंबूल–मुंबई थेट विमान, दोन सूटकेस, त्यातली एक निव्वळ कपड्यांची.

मावसबहिणीचा ब्रिटनमधला हंगामी कामगार व्हिसा सहा महिन्यांचा, नोव्हेंबरच्या मध्यात संपणारा. या व्हिसावर कुटुंब आणता येत नाही, शेती सोडून दुसरं काम धरता येत नाही, आणि मुदत संपली की काही महिने देशाबाहेर राहावं लागतं. आठवड्याला किमान ३२ तासांचा पगार मिळण्याची अट आहे, आणि २०२५ चा किमान दर तासाला १२.२१ पौंड. युक्रेनचं युद्ध सुरू होण्याआधी ही कामं युक्रेनची माणसं करायची. त्यानंतर भरती मध्य आशियाकडे वळली, आणि २०२३ मध्ये या व्हिसावर सगळ्यात जास्त माणसं किर्गिझस्तानचीच होती. मॉस्को सोडून केंट का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तिथे निदान परत कधी जायचं हे पहिल्या दिवशीच माहीत असतं.

तिच्या तिसऱ्या रकान्यात 'ओश' लिहिलेलं होतं, म्हणून काळजी नव्हती. लंडन–मुंबई थेट आणि नंतर आईवडिलांबरोबर घरी. तिला फ्रँकफुर्टमार्गे स्वस्त तिकीट दिसत होतं आणि जर्मनीचा व्हिसा लागेल का म्हणून ती घाबरली होती. विमानतळाच्या आतच विमान बदलायचं असेल तर ज्या देशांच्या नागरिकांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्या शेंगेनच्या सामाईक यादीत किर्गिझस्तान नाही. पण सामान घेऊन बाहेर यावं लागणारं, दोन वेगवेगळी तिकिटं जोडलेलं प्रकरण असेल तर शेंगेन व्हिसा हवाच. तिचं तिकीट नेमकं तसलं होतं. थेट विमान घ्यायला लावलं.

नवरी

नवरीनेही ई-टुरिस्ट व्हिसावर यावं आणि मग इथे बघू, असा घरच्यांचा बेत होता. मी तो मोडला. लग्नानंतर तिला इथेच राहायचं होतं. तीस दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर भारतात दोनदाच प्रवेश मिळतो आणि त्याची मुदत वाढत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीसाठी एन्ट्री व्हिसा असतो, धंद्यात आम्ही एक्स व्हिसा म्हणतो. तो बिश्केकच्या भारतीय वकिलातीतून घेऊन येणं सगळ्यात स्वच्छ.

पण त्यासाठी लग्न आधी कागदावर हवं. सांगलीत विशेष विवाह कायद्याने करायचं तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य, मग नोटीस, मग आणखी तीस दिवस. होण्यासारखं होतं, पण नोव्हेंबरचा मुहूर्त आणि व्हिसाचा वेळ यांचा मेळ बसेना. म्हणून जुलैत डॉक्टर बिश्केकला गेले आणि तिथल्या नोंदणी कार्यालयात, 'झाग्स'मध्ये, लग्नाची नोंद केली. स्वतः अविवाहित असल्याचा दाखला त्यांनी आधीच वकिलातीतून घेतला होता. प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा शिक्का. भारत आणि किर्गिझस्तान दोघेही त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे एका शिक्क्यावर भागतं. वर इंग्रजी भाषांतर.

घरी यामुळे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. डॉक्टरांच्या आजीचं म्हणणं, जुलैत लग्न झालंच आहे तर नोव्हेंबरला अक्षता कशाच्या? वडिलांनी तोड काढली: जुलैत झाली ती 'रजिस्ट्री', साखरपुड्यासारखी. आजींनी ते मान्य केलं, किंवा ऐकू आलं नाही असं दाखवलं.

सप्टेंबरच्या शेवटी व्हिसा आला, अनेक प्रवेशांचा. १८० दिवसांहून जास्त राहणार असल्याने आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. ती आता ऑनलाइन होते, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालय बघतं. दोन वर्षं लग्न टिकलं की, म्हणजे जुलै २०२७ नंतर, ती ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम ये-जा करू आणि राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करू शकेल. ते मिळालं की दर वेळचा व्हिसा आणि नोंदणी दोन्ही सुटतात. तारीख मी त्यांच्या फाईलवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. जुलैच्या नोंदणीचा हा एक फायदा आजींना सांगता आला नाही.

यजमानांचा कागद

मुलाकडची माणसं सहसा विसरतात ते इथे लिहिते. परदेशी पाहुणा हॉटेलात उतरला तर हॉटेलवाला चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पाहुणा घरी उतरला तर तोच फॉर्म घरमालकाने भरायचा असतो. त्यासाठी आधी ऑनलाइन खातं उघडावं लागतं आणि ते स्थानिक अधिकाऱ्यांकडून मंजूर व्हावं लागतं, म्हणून पाहुणे दारात आल्यावर सुरुवात करून चालत नाही. वडिलांनी आधी ते हसण्यावारी नेलं. "सोयऱ्यांची वर्दी पोलिसांत द्यायची?" शेवटी खातं ऑक्टोबरातच उघडून घेतलं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्डही सुरू झालं, येण्याआधी ७२ तासांच्या आत ऑनलाइन भरायचं. आईवडिलांचं नवरीने भरलं, बिश्केकच्या विमानतळावर बसून. त्या विमानतळाची सांकेतिक अक्षरं वर्षानुवर्षं 'एफआरयू' होती, शहराचं जुनं सोव्हिएत नाव फ्रुंझे म्हणून. शहराचं नाव १९९१ मध्ये बदललं, तिकिटावरचं मागेच राहिलं.

ओशहून बिश्केक देशांतर्गत विमानाने, तिथून दिल्ली साडेतीन तासांत. ई-व्हिसावर ठरलेल्या विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो, त्यात दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर, गोवा आहेत. कोल्हापूर जवळचं, पण त्या यादीत नाही. मुलीच्या वडिलांना विमानाचा वीट आला होता. त्यांनी दिल्लीहून मिरजेपर्यंत गोवा एक्सप्रेस मागितली. त्या प्रवासात त्यांनी डब्यातल्या सगळ्यांना कुरुत खायला घातलं, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याच्या गोळ्या. कुणी तोंड वाकडं केलं नाही, असं नवरीने मला सांगितलं. माझा त्यावर विश्वास नाही.

मधुचंद्र: दोन पासपोर्ट, एक तिकीट

डॉक्टरांच्या डोक्यात स्वित्झर्लंड होतं. दोघांनाही शेंगेन व्हिसा लागतो, फी माणशी ९० युरो, ३०,००० युरोंचा विमा, निकालाला साधारण १५ दिवस. अर्ज तुम्ही कायदेशीर राहता त्या ठिकाणी द्यायचा, म्हणजे नवरीला नोंदणी झाल्यावर मुंबईत देता आला असता, बिश्केकला परत जायची गरज नव्हती. पण लग्नानंतर लगेच निघायचं म्हटल्यावर दिवस पुरेनात.

न्यू जर्सीच्या नणंदेने अमेरिकेला बोलावलं. तिथे किर्गिझ पासपोर्टला एक जुना डाग आहे. ३१ जानेवारी २०२० च्या घोषणेने ट्रम्प यांनी किर्गिझ नागरिकांचे स्थलांतराचे व्हिसा थांबवले. ओळखपत्रांची व्यवस्था आणि माहितीची देवाणघेवाण कमी पडते, हे कारण दिलं. पर्यटक व्हिसा तेव्हाही चालू होता. २० जानेवारी २०२१ ला बायडेन यांनी ती बंदी उठवली. पण जून २०२५ मध्ये निर्बंधांसाठी विचाराधीन अशा ३६ देशांच्या यादीत किर्गिझस्तानचं नाव असल्याच्या बातम्या आल्या. अशा हवेत मुलाखतीला नववधूला उभी करायची मला घाई वाटली नाही. ननंदबाई रुसल्या.

मग दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवून पाहिलं की कुठली दारं दोघांनाही उघडी आहेत. कझाकस्तान: तिला मुक्त, त्याला १४ दिवस. पण डिसेंबरात अल्माटी म्हणजे तिच्यासाठी माहेरच्या थंडीत परत जाणं. जॉर्जियात ती वर्षभर राहू शकते, त्याला व्हिसा लागतो. मालदीव जवळपास कुठल्याही पासपोर्टला विमानतळावर तीस दिवस फुकट देतो. मलेशियात किर्गिझ माणसाला व्हिसा लागत नाही, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीयालाही नाही. दोघांनी तिथलं लंकावी बेट ठरवलं. तिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. इसिक-कुल सरोवर पाहिलं होतं, आणि त्याला ती समुद्रच म्हणते.

परतीला तिचा अनेक प्रवेशांचा एक्स व्हिसा कामाला आला. ई-टुरिस्टवर आली असती तर लंकावीहून परततानाच तिचे दोन्ही प्रवेश संपले असते.

नोव्हेंबरच्या शेवटी लग्न झालं. हळदीच्या वेळी मुलीच्या आईला कळेना की चेहऱ्याला लावायची हळद आणि व्याह्यांच्या दुकानातली हळद एकच. मामांनी जावयाच्या डोक्यावर पांढरा कल्पाक, म्हणजे किर्गिझ टोपी, घातला, त्यावरच मुंडावळ्या. भाऊ फोनवर होता, मॉस्कोत सकाळ, मागे सिमेंटच्या गोण्या. कुणीतरी फोन अक्षतांच्या ताटाजवळ उभा करून ठेवला होता आणि गर्दीत तो दोनदा पडला.

परत जाताना सगळे पुण्याला एक दिवस थांबले, आणि आईवडील माझ्या ऑफिसात चहाला आले. वडिलांनी नवा पासपोर्ट काढून दिल्लीचा शिक्का दाखवला, पहिल्या पानावर एकटाच. मुलीच्या मार्फत विचारलं, आता यावर आणखी कुठे कुठे जाता येईल? मी म्हटलं, उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशिया, तुर्कस्तान…

ते मोठ्याने हसले. पहिल्या दोन ठिकाणी, म्हणाले, मी कार्डावरच जातो. त्यासाठी हे पुस्तक कशाला खराब करू?